गल्ला, उधारी आणि मालकाचा दिवस: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चोपडा तालुक्यात माझं कृषी केंद्र आहे. खरिपात विक्री भरपूर होते, रात्री दमून घरी जातो, पण कंपनीचं बिल भरायची वेळ आली की खात्यात पैसा नसतो. सगळे म्हणतात, स्वतःला शिस्त लावा. म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

उत्तर : भाऊ, विक्री भरपूर आहे म्हणजे पैसा येतोय. तो कुठे अडकतो, हे रोजच्या रोज तुमच्या डोळ्यांसमोर येत नाही, एवढीच खरी अडचण. त्यामुळे पहिली सवय लावा ती रात्री गल्ला वहीशी जुळवून बघण्याची. शटर अर्धं खाली ओढल्यानंतरची वीस मिनिटं त्यासाठीच ठेवा. घरी जेवण झाल्यावर बघू म्हटलं की ते होत नाही.

आधी नोटा मोजा आणि आकडा लिहून ठेवा. वही नंतर उघडा. वहीतला आकडा आधी पाहिला की माणूस नकळत तेवढ्यापर्यंतच मोजतो. मग हिशोब मांडा. समजा, सकाळची रोकड 2,000, रोख विक्री 18,400 आणि जुन्या उधारीची रोख वसुली 6,500, म्हणजे 26,900. त्यातून हमाली-चहा 640, एका व्यापाऱ्याला दिलेले 4,000, बँकेत भरलेले 15,000 आणि घरी नेलेले 1,000 वजा केले, की गल्ल्यात 6,260 हवेत. 5,860 निघाले तर ‘400 कमी’ असं तसंच लिहा. खिशातून भर घालून आकडा जुळवू नका. चूक झाकली जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा होते.

तफावत बहुतेक वेळा तीनच ठिकाणी सापडते. यूपीआयने आलेली रक्कम रोख विक्रीत धरली जाते. वसुलीचे पैसे विक्री म्हणून लिहिले जातात. आणि घरासाठी गल्ल्यातून मधूनमधून उचललेले शंभर-दोनशे लिहायचे राहतात. यातली तिसरी गळती सगळ्यात मोठी. महिन्याला घरखर्चाची एक रक्कम ठरवा, ठरलेल्या तारखेला ती घरच्या खात्यात टाका, आणि मग गल्ल्याला हात लावू नका. मालकाचा हात सुटला की नोकरालाही काही म्हणता येत नाही. यूपीआयच्या बाबतीत ग्राहकाच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट पुरावा धरू नका. आपल्या खात्यात जमा झालेलं बघा.

आता उधारी. आपल्या भागात जून-जुलैत नेलेल्या खत-औषधाचे पैसे कापूस विकल्यावर मिळतात, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. हा व्यवहार बंद करा असं कोणी सांगितलं तरी तुम्हाला ते जमणार नाही, आणि गरजही नाही. पण त्याची किंमत ठाऊक हवी. एक लाखाची उधारी चार महिने राहिली आणि तुमचं बँकेचं कर्ज 12 टक्क्यांचं असेल, तर 4,000 रुपये व्याजातच गेले. खताच्या गोणीवर सुटतं ते किती, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाची मर्यादा हंगामाआधी, डोकं शांत असताना ठरवा. काउंटरवर गर्दीत ठरवाल तर भिडेपोटी वाढवाल. उधारी लिहिताना रकमेशेजारी परतीची तारीख आणि सही घ्या, आणि त्याच रात्री गिऱ्हाइकाला व्हॉट्सअॅपवर एकूण बाकी कळवा. वाद होतो तो चार महिन्यांनी पहिल्यांदाच आकडा ऐकल्यावर.

वसुलीचे फोन रोज पाच, जास्त नकोत. पण एकही दिवस चुकवू नका. सकाळी शेतकरी शेतात असतो, फोन उचलला तरी बोलणं होत नाही. संध्याकाळी सात ते आठ ही वेळ बरी. ज्यांची तारीख चार दिवसांवर आहे त्यांना आधी फोन करा, थकलेल्यांना नंतर. तारखेआधीची आठवण कुणाला टोचत नाही. केळीवाल्या गिऱ्हाइकाची तारीख त्याच्या काढणीप्रमाणे धरा, कापसाचं गणित त्याला लावू नका.

एक गोष्ट कृषी केंद्रापुरती. अनुदानित खत पॉस मशीनवर, म्हणजे विक्री नोंदवायच्या यंत्रावर, आधार घेऊनच विकायचं असतं. घाईत ‘अंगठा नंतर घेऊ’ म्हणून युरियाच्या गोण्या देऊन टाकल्या, की मशीनमध्ये साठा जास्त आणि गोदामात कमी दिसतो. तपासणीत ही तफावत लगेच उघडी पडते आणि परवाना अडचणीत येतो. रोज संध्याकाळी निदान युरिया आणि डीएपी या दोन खतांच्या गोण्या मोजून मशीनशी ताडून बघा. सोबत औषधांचं रोज एकच कपाट तपासा: मुदत आधी संपणारी बाटली पुढे, नवा माल मागे. सगळं दुकान एकाच रविवारी तपासायचं ठरवलं, तर तो रविवार उजाडत नाही.

प्रश्न : मी घरून नागलीचे पापड, बिबडे (ज्वारीचे पापड) आणि कुरडया करून विकते. ऑर्डर दिवसभर मोबाइलवर येतात, काही विसरतात, घरातलंही बघायचं असतं. काम वाढवायचंय, पण आताच जीव मेटाकुटीला येतो.

उत्तर : ताई, तुमच्या कामाचा दिवस कुरडईच ठरवते. गहू तीन दिवस भिजणार, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा आणि पहाटे शिजवायचा. म्हणजे सोमवारी आलेल्या ऑर्डरीचे गहू त्याच दिवशी भिजत घातले, तरी चीक शिजेल शुक्रवारी पहाटे. वर वाळवणाचे दिवस. प्रत्येक ऑर्डरीला किमान आठ दिवसांची तारीख द्या आणि ती पाळा.

ऑर्डर घ्यायची वेळ एकच ठेवा: दुपारी तीन ते चार, वाळवण गच्चीवर असताना. हाताला पीठ असताना मेसेज वाचला की तो वाचलेला दिसतो आणि विसरतो. एका वहीत नाव, पदार्थ, किलो, आलेली आगाऊ रक्कम, द्यायची तारीख. निम्मे पैसे आल्याशिवाय गहू भिजवू नका. भाव ठरवताना तुमची मजुरीही धरा. शेजारच्या बाईला पापड लाटायला बोलावलं तर जे द्याल, तेवढी. ती धरली नाही तर मदतनीस ठेवायच्या दिवशी धंदा तोट्यात जाईल, आणि काम वाढत नाही ते इथेच.

भरण्याची घाईही नडते. उन्हातून आणलेला माल गरम असताना पिशवीत भरला की आत ओल धरते आणि बुरशी येते. सावलीत पूर्ण गार होऊ द्या, एक कुरडई मोडून बघा; कडक आवाज करून तुटली तरच भरा. आणि पहाटे चारला चुलीशी बसायचं असेल तर रात्री साडेनऊनंतर मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. झोप अपुरी असली की मिठाचा अंदाज चुकतो, चीक तळाला लागतो.

प्रश्न : भुसावळला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, रात्री दहाला बंद होतं. यशस्वी व्हायचं तर पहाटे पाचला उठावं असं ऐकतो. उठू का?

उत्तर : जेवण होऊन आडवं व्हायला तुम्हाला बारा वाजत असतील. सात तास झोप धरली तर उठायची वेळ सातची, आणि ती सुट्टीच्या दिवशीही तीच राहू द्या. पाचला उठून दुपारी पेंगत सोल्डरिंग केलंत, तर गिऱ्हाइकाचा बोर्ड जळेल. सकाळी दुकान उघडल्यावरचा पहिला पाऊण तास मात्र जपा. गर्दी नसते, डोळे ताजे असतात. अवघड दुरुस्ती तेव्हाच घ्या. डिस्प्ले आणि बॅटरी बदलणं दुपारच्या उकाड्यातही जमतं.