आईवडिलांची सही आहे, पण तेवढ्यावर भागत नाही

प्रश्न : राजारामपुरीत माझा छोटा एडिटिंग स्टुडिओ आहे. बाललैंगिक अत्याचाराविरुद्धच्या एका शॉर्टफिल्मचं काम आलंय. एका प्रसंगात 13 वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबतच नाही, अंगावरच रेंगाळतो. दिग्दर्शक म्हणतात, विषयच तसा आहे, कलेला सूट असते, पालकांची सही घेतलीय. काम सोडलं तर नुकसानभरपाई मागणार म्हणे. हे कोर्टात टिकेल का? मी अडकेन का? दोन मित्रांना क्लिप पाठवून मत घेऊ का?

– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : क्लिप कुणालाही पाठवू नका. मलासुद्धा नको. मत घ्यायला म्हणून पाठवली तरी तो प्रसारच ठरू शकतो.

दिग्दर्शकांचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही. मुलांच्या अश्लील चित्रणाचा ऑनलाइन प्रसार गुन्हा ठरवणाऱ्या आयटी कायद्याच्या कलम 67बी मध्ये कला, साहित्य, शास्त्र यांच्या हितासाठी अपवाद आहे. पण ते प्रसिद्ध करणं लोकहिताचं होतं हे सिद्ध करावं लागतं. आणि पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम 13 मध्ये असा अपवादच नाही. मुलाचा माध्यमात लैंगिक तृप्तीसाठी वापर करणं हा तिथे गुन्हा आहे. त्यात मुलाचं अश्लील चित्रण आलं, आणि लैंगिक कृतीचा नुसता अभिनयसुद्धा आला. म्हणजे ‘खरं काही घडलं नाही, ती अ‍ॅक्टिंग होती’ हा बचाव तिथेच संपतो. कलम 14 नुसार पहिल्याच गुन्ह्याला किमान 5 वर्षं कैद आहे.

त्यांच्या वकिलाला जागा उरते ती ‘लैंगिक तृप्तीसाठी’ या शब्दांत. आमचा हेतू जनजागृतीचा होता, असं तो म्हणेल. पण कलम 30 प्रमाणे कोर्ट आधी दोषी हेतू गृहीत धरतं, आणि तो नव्हता हे आरोपीनेच निःसंशय दाखवायचं असतं. अशा शॉट्सपुढे ते सोपं नाही. ‘बँडिट क्वीन’च्या निकालाचा दाखलाही बहुधा दिला जाईल. सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये तो चित्रपट उचलून धरला, कारण त्यातली दृश्यं वासना नव्हे, चीड जागवतात. मात्र तो वाद सेन्सॉर प्रमाणपत्राचा होता आणि पोक्सो आला 2012 मध्ये. 2022 मध्ये एका मराठी चित्रपटाच्या ट्रेलरमधल्या अल्पवयीन मुलांच्या दृश्यांवरून मुंबईत पोक्सोखाली गुन्हा नोंदला गेला होता.

माझं स्वतःचं मत स्पष्ट आहे. अत्याचारावर सिनेमा जरूर काढावा, आणि प्रेक्षकाला तो बघवू नये इतका परिणामकारक काढावा. बंद दार, आईचा चेहरा, दुसऱ्या दिवशी शाळेत न बोलणारी मुलगी, यातून सगळं सांगता येतं. त्यासाठी एका खऱ्या मुलीला अत्याचार करणाऱ्याच्या नजरेसमोर उभं करायची गरज नाही. पडद्यावरचं पात्र काल्पनिक असलं तरी सेटवरची मुलगी आपल्याच गावातली आहे, आणि ते फुटेज ती मोठी झाल्यावरही कुठेतरी राहणार आहे.

पालकांच्या सहीने गुन्हा माफ होत नाही. शिवाय 14 वर्षांखालच्या बालकलाकारासाठी निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची असते. ती घेतली होती का, हे विचारून पाहा. उत्तर काय येतं त्यावरून बरंच कळेल.

आता तुमचं. पोक्सोचं कलम 20 स्टुडिओचा स्पष्ट उल्लेख करतं. मुलाचं लैंगिक शोषण दाखवणारं साहित्य हाती आलं की विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सद्भावनेने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं संरक्षण आहे. तेव्हा काम आजच थांबवा, हार्ड डिस्कची नवी कॉपी काढू नका, स्टुडिओतल्या पोरांनाही ती उघडू देऊ नका आणि वकिलाला सोबत घेऊन लेखी कळवा. पोच घ्यायला विसरू नका. मुलीचं आणि तिच्या शाळेचं नाव पोलिसांखेरीज कुठेही निघता कामा नये.

नुकसानभरपाईच्या धमकीला घाबरू नका. बेकायदा उद्देशाचा करार कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम 23 प्रमाणे मुळातच रद्दबातल असतो. त्यांची नोटीस आलीच, तर फोनवर वाद घालत बसू नका. कागद तसाच वकिलाकडे घेऊन जा.