'द व्हील ऑफ टाइम' या मालिकेची पहिली कादंबरी वाचून निराशा झाली. पुढचे भाग वाचावेत का?

तुमची निराशा रास्त आहे, आणि 'पुढे मालिका रंगत जाते' एवढ्या एका वाक्यावर कोणी ती खोडून काढत असेल तर त्याचे अजिबात ऐकू नका.

रॉबर्ट जॉर्डन यांची 'द आय ऑफ द वर्ल्ड' ही या मालिकेतली पहिली, १९९० मध्ये प्रसिद्ध झालेली अद्भुतरम्य कादंबरी माझ्या मामेभावाने मला पुण्याहून आणून दिली होती. आम्ही इंदूरचे, रामबागेतले. आमच्या घरी मराठीइतकीच हिंदी पुस्तकेही वाचली जात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ती कादंबरी शेवटच्या पानापर्यंत वाचली, आणि भाऊबीजेला मामांबरोबर दादा आमच्याकडे आला तेव्हा ती मला का आवडली नाही, हे त्याला सविस्तर सांगू लागलो. त्याने मला मध्येच तोडले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "तुला धीरच नाही. आधी चार भाग वाच, मग बोल." वर, दूरदर्शनवरची 'चंद्रकांता' पाहत वाढलेल्या तुम्हा इंदूरकरांना अशा कादंबऱ्यांतले काय कळणार, असेही सुनावले. हे बोलणे मला आजही लागते, कारण देवकीनंदन खत्री यांची १८८८ मधली मूळ 'चंद्रकांता' आजोबांच्या कपाटात होती आणि ती मी हिंदीतून नीट वाचलेली होती. तिच्यात ऐयार म्हणजे वेष बदलण्यात पटाईत हेर आहेत, तिलिस्म म्हणजे जादुई भूलभुलैया आहे, वेषांतरे आणि कारस्थाने तर पानोपानी आहेत. तरीही कादंबरी संपते तेव्हा तिलिस्म तुटलेले असते, वीरेंद्रसिंह आणि चंद्रकांता यांचे लग्न लागलेले असते आणि वाचकाच्या पदरात एक पुरी गोष्ट पडलेली असते. 'चंद्रकांता संतति'चे चोवीस भाग त्यानंतरचे.

जॉर्डन यांच्या पहिल्या कादंबरीत नेमके हेच होत नाही. आडगावातली साधी मुले, त्यांना न्यायला आलेली गूढ व्यक्ती, रात्रीचा हल्ला आणि पलायन ही सुरुवात 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टॉल्किन यांच्या वाचकाला पाठ असते. आरंभीच्या प्रकरणांत टॉल्किन यांची आठवण मुद्दाम जागवल्याचे स्वतः जॉर्डन यांनी सांगितले होते, पण हेतू कळल्याने वाचताना येणारा कंटाळा कमी होत नाही. त्याहून मोठा दोष कथानकात आहे. ज्या 'आय ऑफ द वर्ल्ड' या ठिकाणाचे नाव पुस्तकाला दिले आहे, तिकडे जायचे हे एकूण ५३ प्रकरणांपैकी चाळीस उलटून गेल्यावर ठरते, आणि तेही केमलिन शहरातल्या सरायीत दोघातिघांनी वाटेत ऐकलेल्या बातम्या योगायोगाने एकमेकींशी जुळल्या म्हणून. तिथे पोहोचल्यावर ग्रीन मॅनसारखे सुंदर पात्र येते आणि त्याची नीट ओळख होण्याआधीच मरते. नायक रँड एका शत्रूशी झुंजता झुंजता दुसऱ्याच रणांगणावर प्रकट होतो आणि तिथून थेट तिसऱ्या लढाईत जातो. हे त्याला कसे साधले, हे पुस्तक सांगत नाही. दादाचे उत्तर असे की याचा खुलासा पुढे होतो. पुढच्या भागांच्या नावावर काढलेली ही हुंडी वाचकाने का वटवावी, हा माझा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

पुस्तकात काहीच चांगले नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. वेडाच्या भरात स्वतःच मारलेल्या पत्नीला हाका मारत उद्ध्वस्त महालात फिरणारा पुरुष, हे आरंभीचे दृश्य जबरदस्त आहे. रँड आणि त्याचा मित्र मॅट गावोगावच्या सरायींत बासरी वाजवून आणि चेंडू झेलण्याचे खेळ करून जेवण मिळवतात, तेव्हा त्यांची भूक, थंडी आणि प्रत्येक अनोळखी माणसाबद्दलचा संशय खरा वाटतो. संपूर्ण कादंबरी त्या रस्त्यावरच घडली असती तर मी तिची बाजू घेतली असती. युगांचे फिरते चक्र आणि पुनर्जन्म ही कल्पना आपल्या ओळखीची असल्याने मला तिच्याकडून फार अपेक्षा होती, पण पहिल्या भागात तिचे उल्लेखच अधिक येतात.

तुम्हाला पुढे वाचायचेच असेल तर दुसरा भाग, 'द ग्रेट हंट', वाचून पाहा. तो १९९० मध्येच आला आणि त्याची बांधणी पहिल्यापेक्षा घट्ट आहे. मालिका अपुरी राहण्याची भीतीही नाही, कारण २००७ मध्ये जॉर्डन यांचे निधन झाल्यावर त्यांच्या टिपणांच्या आधारे ब्रँडन सँडरसन यांनी शेवटचे तीन भाग लिहिले आणि २०१३ मध्ये चौदावा भाग प्रसिद्ध झाला. मात्र नाही वाचले तरी तुम्ही कोणाचे देणे लागत नाही. 'तुम्हाला धीर नाही' असे कोणी म्हणालेच, तर पहिल्या भागात, केवळ पहिल्या भागात, त्याला काय आवडले ते विचारा. मी दादाला हे विचारले तेव्हा तो मला सहाव्या भागातल्या लढाईचे वर्णन ऐकवत बसला.