वाचकांचे प्रश्न : छंदाची किंमत आणि घराचा हिशेब

प्रश्न : मी सोलापुरातील एका टॉवेल कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरी करतो. हातात येणारा पगार ४६,००० रुपये आहे. गृहकर्जाचा हप्ता १४,५०० रुपये असून घरखर्च, मुलीची शिकवणी आणि गावी आईला पाठवायचे पैसे मिळून २०,००० रुपये लागतात. बँकेत ४०,००० रुपये शिल्लक आहेत. पत्नी घरी शालेय गणवेश शिवते. एप्रिल ते जून तिला भरपूर काम असते. मला पक्ष्यांच्या छायाचित्रणाचा छंद आहे. नान्नजचे माळरान आणि हिप्परग्याचा तलाव येथे मी नेहमी जातो, परंतु माझ्या लेन्सने लांबचे पक्षी टिपता येत नाहीत. मनात असलेली लेन्स १,२०,००० रुपयांची आहे. दुकानदार ती दरमहा १०,००० रुपयांच्या बारा ‘नो कॉस्ट’ हप्त्यांवर देतो. रोखीने घेतल्यास ७,००० रुपये कमी करतो. मेहुणे म्हणतात, भिशी लावा. मी काय करावे?

उत्तर : आपण स्वतः हिशेब लिहिणारे आहात, म्हणून आपल्याच पत्रातील एका विसंगतीकडे प्रथम लक्ष वेधतो. आपल्या आकड्यांप्रमाणे दरमहा ११,५०० रुपये उरायला हवेत. तसे ते खरोखर उरत असते, तर आजची ४०,००० रुपयांची शिल्लक चार महिन्यांतच जमली असती, आणि आपण नोकरीत याहून बरीच अधिक वर्षे असणार. याचा अर्थ, गड्ड्याच्या यात्रेला घरी येणारे पाहुणे, नात्यातील लग्नांचे आहेर, दुचाकीची दुरुस्ती आणि पक्षी पाहण्यासाठी केलेल्या फेऱ्या यांत ही रक्कम विरघळते व ती आपल्या यादीत कोठेच येत नाही. म्हणून लेन्सचा विचार तीन महिने बाजूला ठेवून प्रत्येक खर्च लिहून काढावा. छंदाचा खर्च त्यात वेगळा दाखवावा, कारण लेन्स आल्यावर हा खर्च कमी होत नाही, वाढतो. हिप्परग्यापर्यंत आपण थोड्या पेट्रोलमध्ये जाऊन येता. पण हाती मोठी लेन्स आली की उजनीच्या जलाशयावरील रोहित पक्षी खुणावू लागतात, आणि भिगवणची एक फेरी म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटर जाणे, तेवढेच येणे, टोल, नावेचे भाडे आणि जेवण. त्याखेरीज मजबूत ट्रायपॉड, छायाचित्रे साठवण्यासाठी हार्ड डिस्क आणि लेन्सचा विमा हेही आलेच.

‘नो कॉस्ट’ हप्त्यांबद्दल स्पष्टच लिहितो : आपल्या उदाहरणात ते फुकट नाहीत. रोखीची किंमत १,१३,००० रुपये आहे आणि हप्त्यांनी आपण १,२०,००० भरणार आहात. हे जास्तीचे ७,००० रुपये म्हणजे व्याजच. मुद्दल दरमहा कमी होत जाते हे लक्षात घेतल्यास हा दर वर्षाला ११ टक्क्यांच्या आसपास पडतो. हप्ते क्रेडिट कार्डावर असतील, तर प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी बहुधा वेगळा लागतो. दर भयंकर नाही. अडचण अशी की, ज्या घरात ११,५०० रुपये केवळ कागदावर उरतात, तेथे १०,००० रुपयांचा हप्ता एखाद्या महिन्यात नक्की अडतो, आणि चुकलेल्या हप्त्याची नोंद सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेकडे, होते.

त्याऐवजी हप्ता स्वतःलाच भरावा. बँकेत दरमहा ६,००० रुपयांची अठरा महिन्यांची आवर्ती ठेव काढावी आणि ती रक्कम पगाराच्या दुसऱ्याच दिवशी खात्यातून आपोआप वळती होईल अशी सूचना द्यावी. साडेसहा टक्के व्याज धरल्यास १,०८,००० रुपयांवर सुमारे ५,५०० रुपये व्याज मिळते, म्हणजे रोखीची किंमत हाती येते. दरमहाच्या ११,५०० मधून उरलेल्या ५,५०० रुपयांपैकी २,५०० अडीअडचणीच्या निधीत टाकावेत आणि ३,००० रुपयांत छंदाच्या फेऱ्या व किरकोळ खर्च भागवावेत. सध्याच्या ४०,००० रुपयांना हात लावू नये; अठरा महिन्यांनी ते ८५,००० होतील, आणि घराचा सुमारे अडीच महिन्यांचा खर्च त्यातून निघेल. मला तीन महिन्यांचा आवडला असता. ठेव मे महिन्यात सुरू केली, तर पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात मुदत संपते. स्थलांतरित पक्षी येण्याचा काळही तोच. दोन महिने सलग ठेवीत पैसे भरता आले नाहीत, तर कर्जाचा हप्ताही भरता आला नसता हे समजून घ्यावे आणि कमी किमतीची किंवा वापरलेली लेन्स पाहावी.

वापरलेली लेन्स घेताना ती विजेरीच्या प्रकाशात आरपार पाहून आतील काचांवर बुरशीचे जाळे नाही ना, याची खात्री करावी. आपल्या कॅमेऱ्यावर लावून लांबच्या व जवळच्या वस्तूवर स्वयंचलित फोकस तपासावा. त्याआधी पुण्याहून एखादी लेन्स दोन दिवस भाड्याने आणून नान्नजला जावे, असे मी आग्रहाने सुचवेन. अशा लेन्सचे वजन दोन किलोच्या आसपास असते. काळवीट आणि चंडोल टिपताना ते वजन दोन-तीन तास पेलवते का, हे दुकानात कळत नाही. भाडे वाया जाणार नाही.

भिशीत उचल लवकर मिळते हे खरे, परंतु मधल्या काळात एखाद्या सभासदाने पैसे भरणे थांबवले, तर नोंदणी नसलेल्या भिशीत दाद मागणे कठीण असते. पतसंस्थेच्या जास्त व्याजाचा मोह झाला, तर एवढे ध्यानात घ्यावे की बँकेतील ठेवींना असलेले पाच लाखांपर्यंतचे विमासंरक्षण पतसंस्थांना लागू नाही.

गणवेशाच्या हंगामातील कमाई पत्नीची आहे. ती या हिशेबात धरू नये. त्या स्वतःहून देऊ लागल्या, तर गोष्ट वेगळी. छायाचित्रे विकून लेन्सची किंमत वसूल होईल हा विचारही सोडून द्यावा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक असून जुळे सोलापूर भागात राहतो. आकाशनिरीक्षणासाठी ६०,००० रुपयांची दुर्बीण घ्यायची आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतील रक्कम मोडावी का?

उत्तर : मोडू नये. एका वर्षाच्या आत खाते बंद केल्यास व्याज मिळत नाही व दिलेले व्याज मुदलातून कापून घेतले जाते; एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत बंद केल्यास मुदलातून दीड टक्का, त्यानंतर मुदतीपूर्वी बंद केल्यास एक टक्का कापला जातो. शिवाय पुढचे व्याज थांबते. या योजनेचे व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या आरंभी मिळते. घरखर्च निवृत्तिवेतनात भागत असेल, तर हे व्याज वेगळ्या बचत खात्यात वळवावे आणि दुर्बीण त्यातूनच घ्यावी. पावसाळ्यात ढगांमुळे ती तशीही बांधून ठेवावी लागेल, त्यामुळे खरेदी ऑक्टोबरच्या व्याजानंतर केलेली बरी.