आधी पाय जमिनीवर टेकू दे

प्रश्न: आम्ही बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. मुलगा कॉमर्समधून पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला आहे. ॲनिमेशनच करणार म्हणतो. घरच्या कॉम्प्युटरवर ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर शिकून त्यानं एक माणूस चालवलाय, तो व्हिडिओ सोबत पाठवते. त्याचे बाबा बघून म्हणाले, "हा चालत कुठाय? बर्फावरून घसरतोय." शहरातली एक संस्था म्हणते, दोन वर्षांत सगळी सॉफ्टवेअर शिकवतो. फी लाखांत आहे. भरावी का? मुलात खरंच काही आहे का?

उत्तर: ताई, नमस्कार.

बाबांनी अचूक चूक पकडली. त्यांना ॲनिमेशन येत नसेल, पण जन्मभर माणसं चालताना बघितली आहेत, आणि तेवढं पुरतं. राक्षस कसा उडतो हे कुणी पाहिलेलं नाही, त्यामुळे तिथं खपून जातं. चाल लपत नाही. नवख्या मुलाचं काम तपासणारे म्हणूनच आधी चाल बघतात. मुलात काही आहे का, हे एका छोट्या व्हिडिओवरून मी सांगणार नाही. ही एकच चाल तो सहा आठवडे पुन्हा पुन्हा दुरुस्त करत बसतो का, ते बघा. फीचं त्यानंतर.

पुढचा भाग त्याला वाचायला द्या.

तुझ्या माणसाचा पाय टेकल्यावरसुद्धा सरकतो, याचं कारण ग्राफ एडिटरमध्ये, हालचालीच्या रेषा दिसतात त्या खिडकीत आहे. दोन कीजच्या, म्हणजे तू पक्क्या केलेल्या दोन पोझच्या मध्ये ब्लेंडर आपणहून वळणदार रेषा टाकतं: हालचाल सावकाश सुरू होते, मध्ये वेग घेते, शेवटी मंदावते. हाताला हे शोभतं. टेकलेल्या पायाचं तसं नाही. माणूस जागच्या जागी चालवतोस तेव्हा जमीन त्याच्याखालून एकाच वेगानं मागे जाते असं समज. मग टेकलेला पायही त्याच वेगानं मागे जायला हवा. पाऊल 60 सेंटीमीटरचं आणि 12 फ्रेमचं (फ्रेम म्हणजे एक चित्र) धरलं, तर फ्रेममागे बरोबर 5 सेंटीमीटर. टाच टेकल्यापासून पाय सुटेपर्यंतच्या कीज निवड, टी दाब, लिनिअर म्हणजे सरळ रेष कर. नंतर त्याला रस्त्यावर पुढे नेताना रूट बोनलाही (सगळं शरीर हलवणाऱ्या मूळ हाडाला) फ्रेममागे तेच 5 सेंटीमीटर दे, रेषा सरळ ठेव. तिथं 6 दिलेस की बर्फ परत आलाच.

दुसरी चूक कमरेची, आणि मला ती जास्त मोठी वाटते. तुझ्या माणसाची कंबर पट्टीनं आखल्यासारखी जाते. सेकंदाला 24 फ्रेम धरून दोन पावलांची मांडणी अशी बसते. 1 ला पुढची टाच टेकते, पाय फाकलेले. 4 ला वजन पुढच्या पायावर येतं, गुडघा वाकतो, कंबर सगळ्यात खाली. 7 ला मागचा पाय टेकलेल्या पायाला ओलांडतो. 10 ला शरीर सगळ्यात उंच, टेकलेल्या पायाची टाच सुटायला लागलेली. 13 ला पहिलीच पोझ, पाय बदलून; तिथून 25 पर्यंत हेच दुसऱ्या पायानं. खऱ्या माणसाची कंबर यात साधारण चार-पाच सेंटीमीटर वर-खाली होते. ॲनिमेशनमध्ये थोडी जास्त दिलीस तरी चालतं, शून्य चालत नाही.

कंबर आडवीही सरकते. ऊठ, भिंतीला उजवा खांदा आणि उजव्या पावलाची बाहेरची कड चिकटवून उभा राहा, आणि डावा पाय उचलून बघ. उचलला की तोल जातो, कारण भिंत कमरेला उजवीकडे सरकू देत नाही. तुझा माणूस 7 व्या फ्रेमला नेमका या अवस्थेत आहे. एक पाय हवेत आणि कंबर मधोमध. त्याला वजनच नाही, म्हणून तो दोरीला टांगल्यासारखा दिसतो. 7 आणि 19 ला कंबर टेकलेल्या पायाकडे घे आणि उचललेल्या पायाच्या बाजूनं किंचित खाली झुकव.

दर सेकंदाला बसणारा तो बारीक आचका सोपा आहे. 25 वी फ्रेम ही 1 लीचीच नक्कल असते आणि तू ती पण प्ले करतोस, त्यामुळे एकच चित्र दोनदा येतं. की 25 वर ठेव, पण प्ले 24 पर्यंतच कर.

गुडघा मध्येच खटकन उडतो, कारण आयके (पाऊल हलवलं की गुडघा आपोआप वाकवणारी सोय) लावलेला पाय पूर्ण ताणला गेलाय. 1 आणि 10 ला कंबर जराशी खाली घे, गुडघ्यात थोडी वाक राहू दे. दुसऱ्या बाजूची पोझ हातानं बसवत बसू नकोस. कॉपी करून कंट्रोल-शिफ्ट-व्हीनं उलटी पेस्ट कर. हाडांच्या नावापुढे एल-आर नीट नसेल तर ती पेस्ट उलटत नाही, आणि सगळे तिथंच डोकं धरून बसतात.

हात सगळ्यात शेवटी. सध्या खांदा, कोपर, मनगट एकाच फ्रेमला थांबतात, म्हणून कवायत वाटते. कोपराच्या कीज 2 फ्रेम मागे ढकल, मनगटाच्या आणखी 2.

आता हे सगळं पुसून नवीन फाईल घे. आधी फक्त कंबर आणि दोन पाय. डोकं, हात, कपडे काही नको. दोन आठवडे तेवढंच. अर्धा माणूस चालला नाही तर पुरा माणूस चालणार नाही.

बघायला इंटरनेट कशाला? अंगणात खडूनं दर 60 सेंटीमीटरवर रेघा मार, मोबाईल कमरेच्या उंचीवर चार मीटर लांब ठेव, आणि घरच्यांना बाजूनं चालायला सांग. मोबाईल बहुधा सेकंदाला 30 फ्रेम घेतो, तू 24 वर काम करतोस. अर्ध्या सेकंदाचं पाऊल व्हिडिओत 15 फ्रेमचं दिसेल, तुझ्याकडे ते 12 चं. हे विसरून आकडे जसेच्या तसे उतरवलेस तर चाल सुस्त होते. 12 ही कामाला निघालेल्या माणसाची चाल. 16 ला रमतगमत, 20 ला म्हातारपण, 8 ला लगबग.

साधी चाल जमली की भाताचा भारा घेऊन बांधावरून येणारी बाई कर. चुंबळीवर भारा आहे, म्हणून डोकं जवळजवळ एका पातळीत. हादरा सगळा गुडघ्यात आणि कमरेत जिरतो. एक हात वर भाऱ्याला, दुसराच हलतो. पाऊल आखूड. डोक्याची रेषा सपाट आणि कमरेची नागमोडी, ही गंमत तुझ्या ग्राफच्या रेषांत दिसली तर तुझं काम बघणारा थांबेल.

ताई, आता तुमचं. ब्लेंडर फुकट आहे. कॉम्प्युटरला 8 जीबी रॅम असेल तर या सरावाला नवीन मशीन नको. संस्थेला तीन गोष्टी विचारा: मागच्या बॅचच्या मुलांच्या चाली दाखवा, शिकवणारे स्वतः ॲनिमेट करतात का, वजन आणि शरीराची हालचाल यावर किती तास. उत्तरादाखल सॉफ्टवेअरची यादीच हातात आली तर उठून या.

कॉमर्सची काळजी सोडा. आयआयटी मुंबईच्या बी.डेस या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड परीक्षा असते, अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत ॲनिमेशन फिल्म डिझाइनसाठी डॅट. दोन्हींना कुठल्याही शाखेची मुलं बसतात. यूसीड जानेवारीत असते, अर्ज आदल्या वर्षीच भरायचा असतो, आणि ती लागोपाठच्या दोन वर्षांतच देता येते. तिथं कागदावरची चित्रं आणि निरीक्षण बघतात, म्हणून वहीतलं रेखाटन थांबवू देऊ नका. पुढे शिकायला पुणे की बेंगळूरु हे आत्ता ठरवायची गरज नाही. शाळेत शिकलेलं कन्नड मात्र विसरू नको म्हणावं, बेंगळूरुत खोली शोधताना लागतंच.

सहा आठवड्यांनी पुन्हा पाठवा: एकदा बाजूनं, एकदा समोरून, करडा पुतळा, गाणं न लावता. पहिला व्हिडिओही जवळ ठेवा, दोन्ही शेजारी लावून बघू.