दर छाटणीला परत येणारं दुखणं

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

वेदनाविषयक परिषदेच्या सत्रासाठी तू केलेला मसुदा शनिवारी रात्री वाचला. रविवारी ओपीडी नव्हती, तेव्हा हातात पेन घेऊन पुन्हा वाचला. मेहनत पानापानावर दिसते. तरी तो आत्ता आहे तसा पाठवू नकोस. फोनवर सांगितलं असतं तर तुला 'मॅडम नाही म्हणाल्या' एवढंच ऐकू आलं असतं, म्हणून बसून लिहिते आहे.

'द्राक्षबागेतील मजुरांमधील खांदेदुखी : एक आढावा' असं शीर्षक आणि पाच वक्ते. पहिले सांधा कसा असतो ते सांगणार, दुसरे सोनोग्राफी, तिसरे इंजेक्शन, चौथे व्यायाम आणि शेवटी उरलेल्या दहा मिनिटांत तू. हा आपल्या शाखेच्या रविवारच्या सीएमईचा, म्हणजे डॉक्टरांच्या उजळणी-व्याख्यानांचा, कार्यक्रम झाला. तिथे तो उत्तम होईल, मी स्वतः येऊन बसेन. पण वेदनाविषयक परिषदेला सत्राचा प्रस्ताव पाठवतो तेव्हा तिथले परीक्षक वेगळं काही शोधत असतात.

हे मलाही एका नकारातूनच कळलं. पुष्कळ वर्षांपूर्वी मी कंबरदुखीवर सत्र सुचवलं होतं. आम्ही तिघं वक्ते, तिघंही भूलतज्ज्ञ, तिघंही एकाच बॅचचे. परीक्षकाचा शेरा आला, त्याचा अर्थ असा होता की ही तिन्ही भाषणं एकटा माणूस करू शकतो, मग तिघं कशाला? दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी आमची तीन शीर्षकं एकाखाली एक लिहून पाहिली आणि शेरा बरोबर आहे हे मान्य करावं लागलं.

या क्षेत्राचा उगमच मुळी असा आहे. जॉन बोनिका हे भूलतज्ज्ञ. वैद्यकीय शिक्षणाचा खर्च भागवायला ते कुस्त्या खेळायचे आणि त्या कुस्त्यांची दुखणी त्यांनी आयुष्यभर अंगावर वागवली. वेदना एका विषयाच्या डॉक्टरला आवरत नाही, हे त्यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांवर उपचार करताना ओळखलं. १९७३ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, इसाक्वा नावाच्या गावी त्यांनी शरीरशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ, शल्यविशारद, भूलतज्ज्ञ असे शेकडो लोक एका छताखाली आणले. त्यातून आयएएसपी, म्हणजे वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना, उभी राहिली. तिची पहिली जागतिक परिषद १९७५ साली इटलीत फ्लॉरेन्सला झाली. एकाच विषयाच्या पाच जणांचं सत्र या परंपरेत का बसत नाही, ते आता तुझ्या लक्षात येईल.

मुद्दा असा. आपल्याला जे सापडलंय ते सांगायचं असेल तर पोस्टर किंवा निबंधाचा सारांश पाठवावा. जे आपल्या एकटीला सुटत नाही, ज्याला तीन वेगवेगळ्या खुर्च्यांवरची माणसं लागतात, त्याचं सत्र करावं. तुझ्या मसुद्यात या दोन्ही गोष्टी आहेत आणि तू त्या एकत्र कालवल्या आहेस.

दिंडोरीकडच्या बागेत आपण गेलो होतो तो दिवस आठव. विरळणी, म्हणजे घडांतले जादा मणी कात्रीने काढणं, चालू होती. पेठ-सुरगाण्याकडून आलेली बायकांची टोळी, उक्तं काम, मांडवाच्या तारा डोक्याच्या जरा वर. दिवसभर हात वर, मान मागे, बोटांत बारीक कात्री. तू त्या निळ्या पदराच्या बाईंना विचारलंस, दहापैकी किती दुखतं? त्या म्हणाल्या, 'दहा कशाचे?' मग कात्री कमरेला खोचून, खांदा दुसऱ्या हाताने दाबत म्हणाल्या, 'दुखत नाय ताई, भरून येतो. रातच्याला मुंग्या येत्यात.' तू वहीत आधी ७ लिहिलंस, मग खोडलंस आणि त्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहिलंस. त्या खाडाखोडीसाठी मला तुझा अभिमान वाटला होता.

आता 'मुंग्या' या एका शब्दाकडे बघ. मज्जातंतूंची वेदना ओळखायची डीएन-४ ही प्रश्नावली आपण रोज वापरतो. दहा बाबी, चार किंवा जास्त गुण आले की मज्जातंतूंच्या वेदनेचा संशय घ्यायचा. त्यात इंग्रजीत मुंग्या येणं वेगळं, सुया टोचल्यासारखं होणं वेगळं, बधिरपणा वेगळा, प्रत्येकाला एकेक गुण. आपल्या बाईंच्या 'मुंग्या' या शब्दात यातलं एकही असू शकतं किंवा तिन्ही. म्हणजे विचारणाऱ्याने मराठीत काय शब्द वापरला यावर बाई तीनवर राहते की चारवर जाते ते ठरतं. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये मॅकगिल प्रश्नावली केली, तिच्यात वेदनेचे ७८ शब्द २० गटांत मांडले आहेत. आपल्याकडे ठणक, कळ, चमक, शिणका, ठसठस, उसण, चरचर, सल आणि हे 'भरून येणं', प्रत्येकाची जागा वेगळी. तुझ्या वहीतल्या नोंदी यावरच आहेत. हे तुझं काम, तुझा डेटा, आणि तेवढ्यावर एक सुंदर पोस्टर होतं. ते सत्रात कोंबू नकोस. मात्र त्याआधी डीएन-४ ची मराठी आवृत्ती कुणी केली आहे का आणि तिची पडताळणी कशी झाली, हे नीट शोध. नाहीतर पोस्टरसमोर उभं राहून पहिल्याच प्रश्नाला गप्प बसावं लागेल.

सत्र आहे ते तुझ्या मसुद्याच्या चौथ्या पानावर, एका ओळीत. 'बहुतांश मजुरांची वेदना हंगाम संपल्यावर कमी होते व पुढील छाटणीस पुन्हा उद्भवते.' एवढं लिहून तू पुढे निघून गेलीस! मी मात्र तिथेच थांबले.

आयसीडी-११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, जुनाट वेदनेचं प्रथमच पद्धतशीर वर्गीकरण झालं. त्यातली व्याख्या म्हणते, तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा येणारी वेदना. या 'पुन्हा पुन्हा येणारी' मध्ये आपल्या बाई बसतात का? एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मागोमाग विरळणी. प्रत्येक वेळी काही आठवडे खांदा जातो, मग गावी परतल्यावर सुटतो. आपण दर वेळी नवीन केसपेपर काढतो, 'तीव्र' लिहितो, पाच दिवसांच्या गोळ्या देतो. पाच वर्षं हेच चाललं असेल तर ही एक जुनाट वेदना की दहा तीव्र वेदना? मला खरंच माहीत नाही. हा प्रश्न ऊस तोडणाऱ्याचा आहे, सफरचंद उतरवणाऱ्याचा आहे, जगातल्या प्रत्येक हंगामी मजुराचा आहे. आणि म्हणूनच तो परिषदेच्या योग्यतेचा आहे.

आता याला कोण लागेल ते आपोआप सुचतं. एक तू, बागेतली निरीक्षणं घेऊन. दुसरं माणूस मज्जासंस्थेचं मूलभूत संशोधन करणारं. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये उंदरांवर दाखवलं की इजेनंतर मेरुरज्जूतली संवेदनशीलताच वाढते. मग दोन हंगामांच्या मधल्या काळात ती पूर्ववत होते की आत कुठेतरी दबून राहते, हे या दुसऱ्या वक्त्याने सांगावं. तिसरं माणूस दुसऱ्या देशातलं, शेतमजुरांच्या आरोग्यावर काम केलेलं, मांडवाची उंची आणि कामाचे तास याबद्दल बोलू शकणारं. या तिघांपैकी कुणालाही काढलं तर सत्र लंगडं होतं. तुझ्या पाचांपैकी कुठलेही दोन काढून बघ, काही बिघडत नाही. शिवाय सगळे वक्ते एकाच गावचे, एकाच वयाचे, सगळे पुरुष असले तर आता बहुतेक ठिकाणी गुण कमी होतात, आणि तसंच व्हायला हवं.

विभागातल्या मोठ्या माणसांची नावं गाळताना तुझा हात थरथरेल, हे मला कळतं. सरांना वाईट वाटेल म्हणून एक नाव, त्यांनी फोन केला म्हणून दुसरं, असंच पाच जण जमले ना? त्यांना मी सांगते. ते माझ्यावर सोड.

परदेशातल्या अनोळखी व्यक्तीला लिहायला घाबरू नकोस. पत्र दहा ओळींचं असावं. प्रश्न काय, त्यांचाच कुठला निबंध वाचून त्यांची आठवण झाली, किती मिनिटं बोलायचं, आणि खर्चाचं काय. ही शेवटची गोष्ट लपवू नये. बऱ्याच परिषदा सत्राच्या वक्त्यांना प्रवासखर्च देत नाहीत, नोंदणीचे पैसेसुद्धा ज्याचे त्याने भरायचे असतात. आधी होकार आणि मग माघार असं झालं की अख्खं सत्र कोसळतं. लेखी होकार आल्याशिवाय कुणाचंही नाव अर्जात घालायचं नाही, ओळखीच्या माणसाचंही नाही.

नव्वद मिनिटं मिळाली असं धर. तिघांना वीस-वीस दे, तीस मिनिटं चर्चेला राख आणि अर्जात तसं स्पष्ट लिही.

उद्दिष्टांच्या रकान्यात तू 'जाणीव निर्माण होईल' असं तीनदा लिहिलंस. जाणीव झाली की नाही हे कोण मोजणार? श्रोता दुसऱ्या दिवशी आपल्या ओपीडीत काय वेगळं करेल ते लिही. उदाहरणार्थ, हंगामी मजुराला तीन प्रश्न विचारता येतील : मागच्या छाटणीला याच बाजूला दुखत होतं का, मधल्या काळात ते पूर्ण थांबलं की नुसतं कमी झालं, आणि काम सुरू झाल्यावर कितव्या दिवशी परत आलं. असं उद्दिष्ट वाचलं की परीक्षकाला सत्र डोळ्यासमोर दिसतं. त्याच्यापुढे अर्जांची चळत असते, पहिल्या दोन ओळींत त्याला प्रश्न सापडला पाहिजे. तुझी सुरुवात 'भारत हा कृषिप्रधान देश आहे' अशी आहे. ती खोड. सुरुवात त्या बाईंच्या केसपेपरांपासून कर.

आणखी एक गोष्ट मला मनापासून हवी आहे. आयएएसपीने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत म्हटलं की माणूस आपल्याला वेदना होते आहे असं सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला जावा. मग सत्रात त्या बाईंचा आवाज का नसावा? परिषदेला येणं त्यांना जमणार नाही, मजुरी बुडेल. पण पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण होऊ शकतं, त्यांच्या भाषेत, खाली भाषांतर देऊन. संमती मराठीत घ्यायची, वाचून दाखवायची, आणि नाही म्हणाल्या तर विषय तिथेच संपवायचा. मुकादमाच्या मार्फत विचारू नकोस, त्याच्यासमोर त्या नाही म्हणू शकणार नाहीत. जेवणाच्या सुट्टीत एकटीने जा. त्या दिवसाची मजुरी बुडणार असेल तर ती आपण भरून द्यायची, आणि हे एथिक्स कमिटीच्या अर्जात आधीच लिहायचं.

सत्रांचे प्रस्ताव पोस्टरच्या सारांशांपेक्षा फार आधी बंद होतात, मोठ्या परिषदांत जवळजवळ वर्षभर आधी. तेव्हा आधी हे. नवा मसुदा एका पानाचा कर आणि गुरुवारी संध्याकाळी क्लिनिक आटोपल्यावर घेऊन ये. आठनंतर मी मोकळी असते.

तुझी,
मॅडम

ता. क. विरळणी आता संपत आली असेल. टोळी गावी निघून जायच्या आत त्या बाईंना गाठ. आणि या वेळी जाताना त्यांचे जुने केसपेपर जपून ठेवलेत का तेही विचार. माझा अंदाज आहे की पिशवीत घडी घालून ठेवलेले असतील.