‘असिस्टंट’ म्हणजे हाताखालचा का? सॉफ्टवेअरमधल्या पदांविषयी वाचकांचे सहा प्रश्न

सॉफ्टवेअरमध्ये मला बावीस वर्षं झाली. सोळा पुण्यात गेली, लॉकडाऊनमध्ये सांगलीला, विश्रामबागच्या घरी आलो तो इथूनच काम करतो. संध्याकाळी फिरायला बाहेर पडलं की कुणीतरी थांबवतं, मोबाईलवर मुलाचं ऑफर लेटर उघडतं आणि विचारतं, “ही पोस्ट म्हणजे नक्की काय हो?” म्हणून गेल्या वेळी पदांविषयीचे प्रश्न मागवले होते. आलेल्यांपैकी सहा इथे थोडक्यात घेतलेत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

तासगावहून एक आई लिहितात : मुलगा कॅम्पसमधून टीसीएसला लागला. पत्रावर ‘असिस्टंट सिस्टिम इंजिनियर – ट्रेनी’ आहे. त्याच्याच वर्गातली मुलगी बंगळुरूला ‘एसडीई वन’ (सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट इंजिनियर) म्हणून गेली. पाहुणे विचारतात, इंजिनियर होऊन असिस्टंट कसा? त्याला कमी लेखलंय का?

नाही ताई, अजिबात नाही. त्या कंपनीत इंजिनियरिंगची बहुतेक मुलं याच पायरीवर आत येतात. पुढे ‘ट्रेनी’ गळतं, मग सिस्टिम इंजिनियर, आयटी अॅनालिस्ट, असिस्टंट कन्सल्टंट अशी शिडी वर जाते. म्हणजे ‘असिस्टंट’ हा शब्द तुमच्या मुलाला पुढे आणखी एकदा भेटणार आहे, आणि तेव्हा तो चांगला अनुभवी माणूस झालेला असेल! इन्फोसिसमध्ये हीच सुरुवात ‘सिस्टिम इंजिनियर’ नावाने होते, कॉग्निझंटमध्ये ‘प्रोग्रॅमर अॅनालिस्ट ट्रेनी’ नावाने.

एकेका शब्दाची गंमत बघा. अॅक्सेंचरमध्ये ‘असोसिएट सॉफ्टवेअर इंजिनियर’ म्हणजे अगदी नवा मुलगा. कॉग्निझंटमध्ये ‘असोसिएट’ होण्याआधी प्रोग्रॅमर अॅनालिस्टची पायरी चढावी लागते. पुण्यात परदेशी गुंतवणूक बँकांची मोठी सॉफ्टवेअर केंद्रं आहेत, तिथे दहा-बारा वर्षं कोड लिहिणारा माणूस ‘व्हाइस प्रेसिडेंट’ असतो. तो बँकेचा उपाध्यक्ष नसतो, बँकांच्या जुन्या पदरचनेतली ती मधली पायरी आहे. आकड्यांचंही तेच. कॉलेजातून आलेला इंजिनियर गूगलमध्ये लेव्हल ३ वर बसतो, अॅमेझॉनमध्ये ४ वर आणि मायक्रोसॉफ्टमध्ये ५९ किंवा ६० वर. तिघं एकाच पायरीवर आहेत. ‘एसडीई वन’ म्हणजेही त्या शिडीची पहिली पायरी, दुसरं काही नाही.

पगारात मात्र फरक आहे आणि तो तुमच्यापासून लपवणार नाही. मोठ्या सेवा कंपन्यांत नव्या मुलाचं पॅकेज वर्षानुवर्षं साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळलंय, प्रॉडक्ट कंपन्या त्याच्या काही पट देतात. याचं कारण धंद्यात आहे. सेवा कंपनी माणसांचे तास विकते. प्रॉडक्ट कंपनी एकदा बनवलेलं सॉफ्टवेअर लाखो गिऱ्हाइकांना विकते. मुलगा पहिली दोन वर्षं मन लावून शिकला तर इकडून तिकडे जाता येतं, माझ्या ओळखीतली कितीतरी मुलं गेलीत. पाहुण्यांना सांगा, पोरगं शिडीच्या पहिल्या पायरीवर उभं आहे, आणि ती पायरी सगळ्यांना चढावीच लागते.

हिंजवडीत काम करणारी सांगलीची वाचक : चार वर्षं झाली. दोन नव्या मुलांना शिकवते, क्लायंटच्या कॉलवर मीच बोलते, पण पद तेच. मॅनेजर म्हणतात, ‘पुढच्या सायकलला (बढत्यांच्या फेरीला) बघू’. बारा जणांच्या एका स्टार्टअपने ‘टेक लीड’ देऊ केलंय. जाऊ का?

आधी तुमची बढती अडलीय कुठे ते पाहू. सेवा कंपनीत पद हे दरपत्रकही असतं. अमुक पायरीच्या माणसाच्या तासाला अमुक डॉलर, असा क्लायंटशी करार होतो. प्रोजेक्टचा पिरॅमिड ठरलेला असतो, खाली पुष्कळ नवे, वर मोजके जुने. तुम्ही वर गेलात की एकतर क्लायंटने जास्त दर द्यायचा, नाहीतर कंपनीने नफा सोडायचा. म्हणून पुष्कळदा माणूस लायक असतो, पण त्या प्रोजेक्टमध्ये वरची जागाच नसते. मॅनेजरना सरळ विचारा, “या प्रोजेक्टमध्ये पुढच्या पायरीची जागा आहे का?” उत्तर ‘नाही’ असेल तर पुढची सायकल आली तरी काही बदलणार नाही. प्रोजेक्ट बदलून मागा.

दुसरी गोष्ट तुमच्या हातातली आहे. पत्रासोबत तुम्ही गेल्या वर्षीचं सेल्फ अप्रेझल, म्हणजे स्वतःच्या कामाचा स्वतः लिहिलेला आढावा, पाठवलंत. त्यात एक ओळ आहे : ‘पेमेंट मॉड्यूलमधले बग सोडवले आणि टीमला मदत केली.’ पत्रात मात्र तुम्ही खरं काय केलं ते लिहिलंय, आणि मी ते दोनदा वाचलं. बँकेकडून उत्तर यायला उशीर झाला की तुमची सिस्टिम तीच विनंती पुन्हा पाठवत होती आणि गिऱ्हाइकाचे पैसे दोनदा कापले जात होते. सगळे बँकेला दोष देत होते. तुम्ही दोन रात्री सिस्टिमच्या नोंदी (लॉग) वाचून काढलेत, चूक आपल्याच बाजूला आहे हे दाखवलंत, प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक दिलात आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर नोंद नाकारायची व्यवस्था केलीत. मग तीच व्यवस्था शेजारच्या दोन टीमनी उचलली.

हे सगळं अप्रेझलमध्ये का नाही? बढतीच्या बैठकीत तुम्ही नसता. तुमचा मॅनेजर असतो, आणि तुम्हाला कधी न भेटलेले चार जण असतात. त्यांच्यासमोर फक्त कागद असतो. काय बिघडलं होतं, कुणाचं नुकसान होत होतं, तुम्ही काय शोधलंत, काय बदललंत, त्यानंतर काय थांबलं, हे पाच ओळींत लिहा. आपल्याकडच्या मुलींना स्वतःविषयी असं लिहायला संकोच वाटतो. मी टीममध्ये पुन्हा पुन्हा पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटतं. आपण केलेलं काम सांगणं म्हणजे बढाई मारणं नाही हो.

आता स्टार्टअप. ‘टेक लीड’ ही बहुतेक ठिकाणी भूमिका असते. आज आहे, प्रोजेक्ट संपला की नाही. बारा जणांत पद फुकट मिळतं, कारण पदाला कंपनीचा पैसा लागत नाही. माझ्या दुसऱ्या नोकरीत एका छोट्या कंपनीने मला सहाव्या वर्षी ‘टेक्निकल मॅनेजर’ केलं. कार्ड छापून दिलं, वडिलांनी ते पाकिटात ठेवलं. दोन वर्षांनी मोठ्या कंपनीत मुलाखतीला गेलो तेव्हा त्यांनी चार तास डिझाइनचे प्रश्न विचारले आणि ‘सीनियर इंजिनियर’ म्हणून घेतलं, म्हणजे दोन पायऱ्या खाली. मला फार लागलं ते. पण पहिल्या कोड रिव्ह्यूला माझ्या कामावर चाळीस शेरे आले तेव्हा समजलं, त्या छोट्या जागी माझं काम तपासणारं कुणी नव्हतंच.

तेव्हा स्टार्टअपला पद विचारू नका. माझा कोड कोण वाचणार, रात्री सिस्टिम पडली तर फोन कुणाला जातो, आजच्या पैशावर कंपनी किती महिने चालेल, हे विचारा. तिथे तुमच्यापेक्षा जाणतं एक जरी माणूस असेल तर खुशाल जा.

मिरजेचे एक वाचक : अकरा वर्षं कोड लिहितोय आणि तेच आवडतं. कंपनी म्हणते मॅनेजर व्हा. घरी धाकट्या भावाचं उदाहरण देतात, तो मॅनेजर झाला. कोड लिहीतच पुढे जाता येतं का?

तुम्ही मिरजेचे, म्हणून तुमच्याच गावाचा दाखला देतो. सतारमेकर गल्लीत एखाद्या जुन्या दुकानात अर्धा तास बसा. भोपळा कापणारा वेगळा, लाकूडकाम करणारा वेगळा, नक्षीवाला वेगळा. गल्ला आणि ऑर्डरी आणखी कुणी सांभाळत असतो. पण सतार तयार झाली की घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) जवारी लावायला ती एकाच माणसाच्या हातात जाते. तो घोडीचा माथा कानशीने केसभर घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. सतारीचा आवाज बंद राहणार की खुलणार ते तिथे ठरतं. त्या माणसाला कुणी विचारत नाही की तुम्ही अजून गल्ल्यावर का बसला नाहीत.

आमच्या धंद्यातही ही सोय जुनी आहे. आयबीएमने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘फेलो’ हे पद सुरू केलं ते याचसाठी, की उत्तम तांत्रिक माणसाला माणसांचा कारभार न सांभाळताही कंपनीतला सर्वोच्च मान मिळावा. फोरट्रान ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार करणाऱ्या टीमचे प्रमुख जॉन बॅकस पहिल्या फेलोंपैकी. आज प्रॉडक्ट कंपन्यांत सीनियरच्या वर दोन वाटा फुटतात. एक मॅनेजर, डायरेक्टर अशी जाते. दुसरी स्टाफ, प्रिन्सिपल, डिस्टिंग्विश्ड इंजिनियर अशी. समान पायरीला पगारही साधारण समान असतो.

दोन गोष्टी मात्र आधीच सांगतो. सेवा कंपन्यांत ही दुसरी वाट वर गेल्यावर अरुंद होते. आर्किटेक्टच्या (सॉफ्टवेअरचा आराखडा ठरवणाऱ्याच्या) जागा असतात, पण मोजक्या. वाट हवीच असेल तर कदाचित कंपनी बदलावी लागेल. आणि स्टाफ इंजिनियर म्हणजे हेडफोन लावून एकट्याने कोड लिहिणं, असं समजू नका. नव्या मुलाला काम कसं करायचं तेही सांगावं लागतं. मधल्या इंजिनियरला नुसता प्रश्न दिला की पुरतं. सीनियरच्या हवाली धूसर गरज केली तरी तो तिच्यातून काम उभं करतो. स्टाफने पाच टीमकडे पाहून कुठला प्रश्न सोडवायला हवा हे स्वतः ओळखायचं असतं आणि हुकूम न चालवता इतरांना पटवायचं असतं. म्हणजे लिहिणं, बोलणं, ऐकून घेणं आलंच. हे जमत असेल तर मॅनेजरपद निर्धास्त नाकारा. आणि सीनियरवरच राहायचं असेल, तर बऱ्याच चांगल्या कंपन्यांत तेही चालतं. तिथे थांबलात म्हणून कुणी काढत नाही.

घरच्यांचं म्हणाल तर भावाशी तुलना थांबायला वेळ लागेल. एकदा तुमच्या कामाविषयी आईशी नीट बोला. माझ्या आईला मी काय करतो ते माझ्या नोकरीच्या पंधराव्या वर्षी कळलं, चूक माझीच होती, मी कधी सांगितलंच नव्हतं.

कवठेमहांकाळहून एक विद्यार्थी : बी.एस्सी. कॉम्प्युटर केलंय. मी स्वतःला ‘सॉफ्टवेअर इंजिनियर’ म्हणू शकतो का?

कंपनीने ते पद दिलं की बिनधास्त म्हण. आपल्याकडे या शब्दावर कायद्याचं बंधन नाही. कॅनडात मात्र ‘इंजिनियर’ म्हणवायला प्रांताच्या संस्थेचा परवाना लागतो. त्यावरून वाद झाले आणि अल्बर्टा प्रांताने २०२३ साली सॉफ्टवेअर इंजिनियरना सूट दिली.

तुझी खरी अडचण शब्दाची नाही, तीन वर्षांच्या पदवीची आहे. अमेरिकेत नोकरीसाठीच्या एच-वन-बी व्हिसाला चार वर्षांच्या पदवीच्या तोडीचं शिक्षण, किंवा त्याची भरपाई करणारा कामाचा अनुभव, दाखवावा लागतो. त्यामुळे जमलं तर एम.सी.ए. किंवा एम.एस्सी. कर. घरची परिस्थिती नसेल तर विप्रोचा वर्क इंटिग्रेटेड लर्निंग प्रोग्रॅम बघ. बी.सी.ए., बी.एस्सी.च्या मुलांना नोकरी करत कंपनीच्या खर्चाने एम.टेक. करता येतं. बॉण्डची अट (किती वर्षं नोकरी सोडता येणार नाही ती) घरी बसून, सही करायच्या आधी, पूर्ण वाच.

सांगलीहून, नाव कळवू नका म्हणणारे : रेझ्युमेवर ‘सिस्टिम इंजिनियर’चं ‘सीनियर सॉफ्टवेअर इंजिनियर’ केलं. काम सीनियरचंच होतं. आता ऑफर आलीय. काही होईल का?

होऊ शकतं. आजच दुरुस्त करा. पडताळणी करणारी एजन्सी जुन्या कंपनीच्या एचआरला पद आणि तारखा विचारते, रिलिव्हिंग लेटरवरही पद छापलेलं असतं. जुळलं नाही तर ऑफर मागे घेतात, आणि रुजू झाल्यावर सापडलं तर नोकरी जाते. नोटीस पीरियडमधल्या मुलाची अशी दोन्हीकडची नोकरी गेलेली मी पाहिलीय. नव्या एचआरला स्वतःहून मेल करा. अधिकृत पद आहे तसं लिहा आणि खालच्या ओळीत ‘चार जणांच्या टीमचं डिझाइन आणि कोड रिव्ह्यू माझ्याकडे’ असं खरं काम मांडा. मुलाखत घेणारे ती खालची ओळच वाचतात.

कुपवाडहून : पुण्याच्या कंपनीसाठी घरून काम करतो. तीन वर्षांत ऑफिसात बसणाऱ्या दोघांना बढती मिळाली, मला नाही. इथे राहून पुढे जाता येईल का?

येईल. पण ऑफिसात जे आपोआप दिसतं ते तुम्हाला लिहून दाखवावं लागेल. तिथला मुलगा चहाला जाता जाता आर्किटेक्टला शंका विचारतो आणि त्याचं नाव लक्षात राहतं. तुम्ही कुठलाही मोठा बदल करण्याआधी दोन पानांचं टिपण लिहा, अडचण काय, पर्याय कोणते, कुठला निवडला आणि का. ते सगळ्या टीमला पाठवा, शेऱ्यांना उत्तरं द्या. सहा महिन्यांत लोक तुमच्या टिपणांचा आधार देऊ लागतात. मॅनेजरशी पंधरा दिवसांतून एकदा अर्धा तास ठरवून बोला आणि पुढच्या पायरीसाठी माझ्यात काय कमी आहे, हे त्यांच्याकडून लेखी घ्या.

आणि दर तिमाहीचं प्लॅनिंग असतं त्या आठवड्यात पुण्याला जाच. त्या तीन-चार दिवसांत कुठलं काम कुणाकडे जाणार ते ठरतं, मोठं काम मागायची वेळ तीच. मी आदल्या रात्रीची एसटी धरतो, पहाटे स्वारगेटला उतरतो, मावसभावाकडे अंघोळ करून साडेनऊला ऑफिसात हजर असतो. गेल्या वर्षीचं माझं सगळ्यात मोठं काम अशाच एका मंगळवारी दुपारच्या जेवणाच्या टेबलावर माझ्याकडे आलं.