गोरामी आणायचे, पण कोणते? वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत गोरामी या घरच्या टाकीत पाळल्या जाणाऱ्या माशांविषयीचे प्रश्न इतके होते की हे सदर त्यांनाच दिलं आहे. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न : आमची 24 × 12 × 15 इंचांची टाकी दोन महिन्यांपासून चालू आहे. आत आठ निऑन टेट्रा आणि सहा कॉरिडोरास आहेत. दुकानदार म्हणतात, एक निळा, एक सोनेरी, एक पर्ल आणि एक लाल ड्वार्फ असे चार गोरामी सोडा, सगळे शांत असतात. सोडावेत का? (नाशिक)

चारही नकोत. दुकानाच्या काचेवर नुसतं ‘गोरामी’ लिहिलेलं असलं तरी ते एका माशाचं नाव नाही. आकारात आणि स्वभावात अगदी निराळ्या असलेल्या अनेक जाती त्या एका नावाखाली विकल्या जातात. मासा रंग बघून घेऊ नका. जात कोणती, पूर्ण वाढल्यावर केवढा होतो आणि नर आहे की मादी, या तीन गोष्टी आधी विचारा.

तुम्हाला सुचवलेला निळा आणि सोनेरी गोरामी ही खरं तर एकच जात, थ्री-स्पॉट गोरामी. ‘ओपलाइन’ नावाने विकला जातो तोही त्याच जातीचा. माणसाने निवडून निवडून रंग बदलले, स्वभाव मूळचाच राहिला. दुकानात चार सेंटिमीटरचं दिसणारं पिल्लू वाढून 12 ते 15 सेंटिमीटरचं होतं आणि मग नर टाकीचा मोठा भाग आपला मानून बाकीच्यांना पिटाळतो. दोन फुटांच्या टाकीत पळणाऱ्याला जायला जागाच उरत नाही. पर्ल स्वभावाने गरीब, पण तोही 12 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. या टाकीत तो कोंडल्यासारखा राहील. लाल ड्वार्फच्या अडचणी पुढे ठाणे आणि पुण्याच्या प्रश्नांत आल्या आहेत.

टाकीचं खरं माप काढायची सोपी रीत अशी : तिन्ही मापं इंचांत घेऊन गुणाकार करा आणि 61 ने भागा. तुमची टाकी साधारण 70 लिटरची भरते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर प्रत्यक्ष पाणी 55 ते 60 लिटर.

एवढ्या पाण्यासाठी सर्वांत चांगला म्हणजे हनी गोरामी. जेमतेम पाच सेंटिमीटरचा, लाजाळू, आणि मूळचा ईशान्य भारत व बांगलादेशातला. बंगालीत याला चुना खोलिशा म्हणतात आणि 1822 मध्ये हॅमिल्टन या अभ्यासकाने दिलेल्या शास्त्रीय नावातही ‘चुना’ आहेच. आपल्याच देशातला इतका गुणी मासा बाजारात झगमगीत रंगांमागे झाकला जातो, याचं वाईट वाटतं. एक नर आणि दोन माद्या आणा. निऑन आणि कॉरिडोरास दोघांशीही त्यांचं जमेल. तापमान 25 ते 26 अंश ठेवलं की तिघांनाही चालतं. नाशिकच्या थंडीत त्यासाठी 75 वॉटचा हीटर लागेलच.

पर्लच हवा असेल, तर आधी 36 × 15 × 18 इंचांची, म्हणजे सुमारे 160 लिटरची टाकी घ्या. तिच्यात एक नर, दोन-तीन माद्या आणि टेट्रांचा मोठा थवा छान राहतो. मोठ्या गोरामींमध्ये शांत टाकीसाठी आमची पहिली पसंती पर्ललाच आहे. किसिंग गोरामी मात्र 30 सेंटिमीटरपर्यंत जातो आणि जायंट गोरामी त्याच्याही दुप्पट. घरच्या मिश्र टाकीत या दोघांना जागा नाही. वाढल्यावर ते तलावात सोडून देणं हा तर उपाय नव्हेच.

प्रश्न : दोन फुटांच्या टाकीत दोन पावडर ब्ल्यू ड्वार्फ गोरामी आहेत. एक सतत फिल्टरमागे लपून बसतो, रंगही उतरला आहे. आजारी असेल का? एखादी मादी आणून सोडली तर शांत होतील का? (ठाणे)

दोघेही जवळजवळ नक्की नरच आहेत. दुकानात येणारे रंगीत ड्वार्फ बहुतेक नर असतात, कारण मादी रुपेरी-फिकी असते आणि ती फारशी मागवलीच जात नाही. लपलेला मासा मार खातो आहे. दुसऱ्याने प्रत्येक वेळी चावा घ्यायलाच हवा असं नाही, नुसता रोखून अंगावर आला तरी दबलेला मासा खायला आणि हवा घ्यायला वर येणं टाळतो. फाटक्या कडा, अंगाला चिकटवून धरलेले पर आणि आत गेलेलं पोट ही लक्षणं बघा.

आजच करायचं ते असं. मारणाऱ्याला बाजूला काढा, मार खाणाऱ्याला नाही. 20-25 लिटरच्या टबमध्ये, चालू टाकीतला स्पंज फिल्टर लावून, वर जाळीचं झाकण ठेवून (गोरामी उडी मारतात) त्याला आठवडाभर ठेवा. तेवढ्या दिवसांत दबलेला मासा खाऊन सावरेल. मग दगड, लाकूड, झाडं यांच्या जागा बदला, म्हणजे जुनी हद्द मोडते. पाण्यावर तरंगणारी झाडं वाढवा. वॉटर स्प्राइट उत्तम, कारण त्याची मुळं खाली लोंबतात आणि दोघांची नजरानजर तुटते. दिवा बंद केल्यावर बाजूला काढलेल्याला परत सोडा. एवढं करूनही दोन फुटांत हे टिकेल याची खात्री नाही. पुन्हा पाठलाग सुरू झाला तर एक मासा देऊन टाका. एकटा ड्वार्फ नर एकटेपणाने झुरत नाही.

मादी आणू नका. नराने पृष्ठभागावर बुडबुड्यांचं घरटं बांधलं की अंडी द्यायला तयार नसलेल्या मादीला तो दिवसभर हाकलतो. लहान टाकीत ती थकून मरू शकते.

प्रश्न : ‘रेड हनी’ म्हणून दिलेला मासा ड्वार्फ निघाला. फरक कसा ओळखायचा? (कोल्हापूर)

बाजूने बघा. ड्वार्फचं अंग उंच आणि चपटं, हनीचं सडपातळ. ड्वार्फच्या लालीत निळसर उभ्या रेषांची पुसटशी खूण बहुधा राहते, हनीच्या अंगावर उभे पट्टे नसतात. नुसत्या रंगावर जाऊ नका. हनीचा नर रंगात आला की मधासारखा पिवळा होतो आणि त्याच्या गळ्यापासून पोटापर्यंत काळपट निळा रंग चढतो. मादीच्या अंगावर तपकिरी आडवी रेघ असते. दुकानात घाबरलेला नरही तशीच रेघ दाखवतो, म्हणून दहा मिनिटं लांब उभं राहून बघावं.

पर्लमध्ये नराचा गळा आणि छाती तांबूस-केशरी होते. थ्री-स्पॉटच्या नराचा पाठीवरचा पर टोकदार, मादीचा गोल.

प्रश्न : गोरामींबरोबर टायगर बार्ब, एंजल, गप्पी, फायटर यांपैकी काय चालेल? (पुणे, मडगाव)

टायगर बार्ब नाही. गोरामीच्या पोटाखाली लोंबणाऱ्या दोन दोऱ्या म्हणजे बदललेले पर असतात. त्यांनी तो चाचपतो आणि चवही घेतो. बार्ब त्या कुरतडतात. सर्पे टेट्राचंही तेच. फायटर हा गोरामीचाच नातेवाईक, दोघेही पाण्याच्या वरच्या थरात राहतात, म्हणून भांडण ठरलेलं. एंजल मोठा झाला की हनीला खाण्यावर येऊ देत नाही. मोठ्या टाकीत पर्लबरोबर तो कधी जमतो, कधी नाही. गप्पी हनीबरोबर चालतात, पण ड्वार्फचा नर लांब शेपटीच्या गप्पीमागे लागू शकतो. शिवाय गप्पीला जड (जास्त क्षारांचं) पाणी मानवतं, हनीला हलकं. बोअरचं पाणी फार जड असेल, तर त्यात निम्मं आरओचं पाणी मिसळा.

हार्लेक्विन रसबोरा, एम्बर टेट्रा, कुहली लोच, कॉरिडोरास हे खात्रीचे सोबती. लहान कोळंबी पाळणार असाल तर तिची पिल्लं गोरामी खातील हे धरूनच चाला.

प्रश्न : मासे वर येऊन तोंड उघडतात. ऑक्सिजन कमी आहे का? एअर पंप वाढवू का? (सोलापूर)

मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेणं हाच त्यांचा श्वास. डोक्यात कल्ल्यांवर घड्या असलेलं खास इंद्रिय असतं, त्यात ते हवा साठवतात. वर येऊ दिलं नाही तर भरपूर ऑक्सिजनच्या पाण्यातही ते गुदमरू शकतात. म्हणून पाणी काठापासून चार-पाच सेंटिमीटर खाली ठेवा आणि वर झाकण असू द्या, म्हणजे थंडीत वरची हवा उबदार राहते. पृष्ठभागावर तेलकट साय धरली असेल तर कोरा कागद अलगद ठेवून उचला. पंप वाढवू नका. जोरदार प्रवाहात गोरामी दमतो. पॉवर फिल्टर असेल तर त्याचं तोंड काचेकडे फिरवा.

सगळेच मासे सतत वर लटकले आणि कल्ले भराभर हलू लागले, तर मात्र ते अमोनियाचं, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साठणाऱ्या विषारी द्रव्याचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी तपासा. अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. नसतील तर क्लोरीन काढलेल्या, टाकीइतक्याच तापमानाच्या पाण्याने एक तृतीयांश पाणी बदला.

प्रश्न : तीन लाल ड्वार्फ आणले, महिन्याभरात तिन्ही गेले. अंगावर जखमा, पोट फुगलेलं. निऑन ठणठणीत आहेत. (पुणे)

या वर्णनावरून ड्वार्फ गोरामींच्या इरिडोव्हायरसचा संशय येतो. जिवाणूंच्या आजारातही अशाच जखमा होतात, त्यामुळे नुसतं बघून खात्री देता येत नाही. या विषाणूवर औषध नाही. चालू टाकीत प्रतिजैविकं ओतली तर फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंना धोका पोहोचतो आणि निऑनही संकटात येतात. मेलेला मासा लगेच काढा, जाळं कडक उन्हात पूर्ण वाळवा आणि सध्या कोणताच गोरामी आणू नका, कारण हा विषाणू इतर गोरामींतही आढळला आहे.

पुढे आणाल तेव्हा दुकानातली पूर्ण टाकी बघा. एकही सुस्त किंवा मेलेला मासा दिसला तर तिथून घेऊ नका. आणलेला मासा चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. तिचं जाळं आणि बादलीही वेगळी हवी.